क्लाउड डेटाबेसमधील साठवण-कामगिरीचे निरीक्षण

क्लाउड डेटाबेसमधील साठवण-कामगिरीचे निरीक्षण म्हणजे भाडेतत्त्वावर घेतलेल्या आणि संगणकजाळ्यावरून वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसची विदा ज्या साठवणीवर ठेवलेली असते, ती साठवण किती वेगाने, किती प्रमाणात व किती नियमितपणे वाचन आणि लेखन करते याचे सातत्याने केलेले मापन होय. या मापनावरून डेटाबेस मंदावण्याचे कारण शोधणे, जागा संपण्यापूर्वी उपाय योजणे आणि साठवणीवरील खर्च आवाक्यात ठेवणे ही तीन कामे प्रामुख्याने केली जातात. क्लाउड संगणनास मराठीत मेघ संगणन असेही म्हणतात. भारत सरकारच्या शासकीय क्लाउड उपक्रमाचे नावही ‘मेघराज’ असे आहे.

डेटाबेसची बहुतेक कामे अखेरीस साठवणीपाशी येऊन थांबतात. प्रक्रियक आणि स्मृती कितीही वेगवान असल्या, तरी एखादा व्यवहार कायम झाला असे सांगण्यापूर्वी त्याची नोंद टिकाऊ माध्यमावर उमटावी लागते. त्यामुळे साठवण मंदावली की संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सर्वांनाच ते जाणवते. मात्र त्यांना दिसते ते केवळ फिरणारे चक्र. कारण दिसत नाही.

पार्श्वभूमी

क्लाउडपूर्व काळात डेटाबेस संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हर-कक्षात असे आणि चकती ही डोळ्यांसमोरची वस्तू होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्याहून वेगळा. म्हणून अशी एक चकती सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचने करू शके. अधिक वेग हवा असल्यास अधिक चकत्या बसवीत. निरीक्षणासाठी युनिक्स परंपरेतील ‘आयओस्टॅट’सारखी आज्ञा पुरेशी असे.

क्लाउडमध्ये ही मांडणी बदलली. ॲमेझॉनने ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ ही जाळ्यावरून जोडली जाणारी साठवण ऑगस्ट २००८ मध्ये आणि ‘रिलेशनल डेटाबेस सर्व्हिस’ ही व्यवस्थापित डेटाबेस सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल व ओरॅकल यांनीही अशा सेवा दिल्या. येथे ग्राहकाला दिसणारी ‘चकती’ ही खरी चकती नसते. ती अनेक ग्राहकांत विभागलेल्या विशाल साठवणीचा एक कप्पा असते. तिचा वेग यंत्राच्या भौतिक क्षमतेपेक्षा विकत घेतलेल्या मर्यादेवर ठरतो. परिणामी निरीक्षकाचा प्रश्नही बदलला. पूर्वी तो ‘चकती का मंदावली’ असे विचारी. आता त्याला ‘आपण कोणती मर्यादा गाठली’ हे शोधावे लागते. एकाच कप्प्यावर अशा तीन-चार निरनिराळ्या मर्यादा एकाच वेळी लागू असतात आणि निदानातील बहुतेक चुका चुकीच्या मर्यादेकडे पाहत राहिल्याने होतात.

मुख्य परिमाणे

साठवणीची कामगिरी चार परिमाणांनी व्यक्त करतात. सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखन क्रियांच्या संख्येस आयओपीएस म्हणतात. सेकंदाला वाहून नेलेल्या विदेचे प्रमाण म्हणजे थ्रूपुट. एका क्रियेस लागणारा वेळ हा विलंब, तर एखाद्या क्षणी पूर्ण व्हायच्या राहिलेल्या क्रियांची संख्या ही रांगेची लांबी. चौथ्या परिमाणाकडे नवशिक्यांचे सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक आजार सर्वांत आधी तेच सांगते.

पहिली दोन परिमाणे परस्परांशी बांधलेली आहेत. क्रियांच्या संख्येला प्रत्येक क्रियेच्या आकाराने गुणले की थ्रूपुट मिळते. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस ८ किलोबाइटच्या पानांत, तर मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन नेहमीच्या मांडणीत १६ किलोबाइटच्या पानांत विदा ठेवते. ॲमेझॉनच्या ‘जीपी३’ प्रकारच्या कप्प्याला पायाभूत मर्यादा ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ मेगाबाइट अशी असते. पोस्टग्रेसक्यूएल एकेक पान विखुरलेल्या ठिकाणांहून वाचत असेल, तर ३,००० क्रियांतून सेकंदाला अवघी २४ मेगाबाइट विदा हलते. म्हणजे क्रियांची मर्यादा संपलेली असते, तरी थ्रूपुटचा आलेख निवांत दिसतो. उलट, रात्रीची प्रतिलिपी घेताना किंवा संपूर्ण कोष्टक चाळताना क्रिया मोठ्या आकाराच्या होतात. २५६ किलोबाइटच्या केवळ ५०० क्रियांत १२५ मेगाबाइटची मर्यादा भरते आणि आयओपीएसचा आलेख षष्ठांशावरच थबकलेला दिसतो. म्हणून हे दोन आलेख नेहमी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

विदेची लिपीही येथे थोडा वाटा उचलते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘अजिंठा’ या शब्दात स्वर, व्यंजने, काना, वेलांटी व अनुस्वार धरून सहा चिन्हे आहेत; तो १८ बाइट व्यापतो. रोमी लिपीतील हेच सहा अक्षरांचे नाव ६ बाइटांत मावते. नावे, पत्ते आणि शेरे मराठीत साठवणाऱ्या कोष्टकात त्यामुळे एका पानावर कमी ओळी बसतात आणि तेवढ्याच ओळी वाचण्यास अधिक पाने उघडावी लागतात. संख्या व दिनांक यांच्या स्तंभांना हा फरक लागू होत नाही. त्यामुळे एकूण परिणाम कोष्टकाच्या स्वरूपावर अवलंबून राहतो.

रांगेचा नियम : अजिंठ्याचे उदाहरण

रांगेची लांबी आणि विलंब यांचा संबंध ‘लिटलचा नियम’ या नावाने ओळखला जातो. त्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. स्थिर व्यवस्थेत एखाद्या जागी असणाऱ्यांची सरासरी संख्या ही तेथे येण्याचा दर आणि प्रत्येकाचा तेथील सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराएवढी असते, असे हा नियम सांगतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांवरून हा नियम चांगला उमगतो. चित्रे असलेल्या लेण्यांत श्वासोच्छ्वासातील बाष्प व उष्णता यांचा रंगांवर परिणाम होऊ नये म्हणून एका वेळी मर्यादित पर्यटकांनाच आत सोडण्याची पद्धत आहे. समजा, एका लेण्यात मिनिटाला ४ जण शिरतात आणि प्रत्येकजण १० मिनिटे थांबतो; तर आत सरासरी ४० माणसे असतील. आता ४० हीच आतील कमाल संख्या ठरवली आणि बाहेर मिनिटाला ६ जण येऊ लागले, तर दर मिनिटाला दोघे बाहेर तिष्ठत राहतात. अर्ध्या तासाने बाहेरची रांग ६० जणांची होते आणि शेवटच्या माणसाला १५ मिनिटे थांबावे लागते. लेण्यातील पहारेकऱ्याच्या वहीत मात्र ‘मिनिटाला ४ जण’ हीच नोंद राहते. रांग नव्हती तेव्हाही ४ आणि रांग वाढली तेव्हाही ४. आयओपीएसच्या आलेखाचे अगदी असेच होते. मर्यादा गाठल्यावर तो आडवा, सपाट होतो. हाल किती झाले हे त्यावरून कळत नाही, ते रांग आणि विलंब सांगतात. कप्पा सेकंदाला ३,००० क्रिया उरकत असताना सरासरी ३ क्रिया प्रलंबित असतील, तर विलंब १ मिलिसेकंद आहे. ३० प्रलंबित असतील, तर तो १० मिलिसेकंद झाला आहे.

अजिंठ्याची वाट आणखी एक गोष्ट शिकवते. पर्यटकांची खासगी वाहने लेण्यांपर्यंत जात नाहीत. ती फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि तेथून सुमारे ४ किलोमीटरचा टप्पा बसने पार करावा लागतो. लेण्यांत जागा मोकळी असूनही बस अपुऱ्या पडल्या तर गर्दी फर्दापूरला साचते, लेण्यांच्या दाराशी नव्हे. क्लाउड डेटाबेसमध्ये साठवणीच्या कप्प्याला जशी मर्यादा असते, तशीच ज्या आभासी यंत्रावर डेटाबेस चालतो त्या यंत्रापासून साठवणीपर्यंतच्या जोडणीलाही असते. लहान यंत्र घेऊन त्याला महागडा, जलद कप्पा जोडला, तर पैसे कप्प्याचे पडतात आणि वेग जोडणीचा मिळतो. प्रत्यक्षात ही चूक वारंवार आढळते.

शिलकीचा वेग

काही कप्पे व यंत्रे ‘बर्स्ट’ पद्धतीने चालतात. काम कमी असताना श्रेय साठते. गरज पडली की ते खर्चून काही काळ मूळ मर्यादेपेक्षा अधिक वेग मिळतो. ॲमेझॉनचा २०१४ मध्ये आलेला ‘जीपी२’ हा प्रकार याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. त्यात दर गिगाबाइटमागे ३ आयओपीएस, किमान १००, असा पायाभूत वेग मिळतो. कप्पा १,००० गिगाबाइटपेक्षा लहान असल्यास तो शिलकीच्या बळावर ३,००० आयओपीएसपर्यंत धावू शकतो. शिलकीची कमाल मर्यादा ५४ लाख श्रेयांक आहे आणि एक क्रिया म्हणजे एक श्रेयांक.

१०० गिगाबाइटच्या कप्प्याचे गणित असे होते. पायाभूत वेग ३०० आहे. पूर्ण वेगाने धावताना सेकंदाला ३,००० श्रेयांक खर्च होतात व ३०० जमा होतात, म्हणजे निव्वळ घट २,७०० होते. ५४ लाख भागिले २,७०० म्हणजे २,००० सेकंद, अर्थात ३३ मिनिटे २० सेकंद. त्यानंतर वेग एकाएकी ३०० वर, म्हणजे दशांशावर येतो. काम पूर्ण थांबवले तरी शिलक पुन्हा भरण्यास १८,००० सेकंद, म्हणजे ५ तास लागतात. चाचणी दहा-पंधरा मिनिटांची घेतली असेल, तर हा दोष तीत कधीच उघडा पडत नाही. प्रत्यक्ष गर्दीच्या दिवशी मात्र पहिला अर्धा तास सर्व सुरळीत चालते आणि नेमके हायसे वाटू लागते तेव्हा यंत्रणा बसते. यासाठी शिल्लक श्रेयांची टक्केवारी दर्शवणारे स्वतंत्र परिमाण उपलब्ध असते आणि ते शून्यावर आल्यावर नव्हे, तर उतरू लागल्यावरच सूचना मिळेल अशी योजना करावी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘जीपी३’ प्रकारात कप्प्याचा आकार आणि वेग यांची फारकत झाली व ही शिलकीची पद्धत गेली. तरीही प्रश्न पूर्णतः मिटला नाही, कारण अनेक लहान आभासी यंत्रांची साठवण-जोडणी अद्याप शिलकीवरच चालते. अशी यंत्रे चोवीस तासांतून किमान एकदा ३० मिनिटे कमाल वेग टिकवू शकतात. त्यापुढे पायाभूत वेगावर येतात. कप्प्याचा प्रकार बदलूनही ‘अर्ध्या तासाने मंदावते’ ही तक्रार कायम राहिली, तर यंत्राच्या या शिलकीकडे पाहावे.

सरासरीचा फसवेपणा

क्लाउड सेवांचे आलेख बहुधा मिनिटभराच्या सरासरीचे असतात. ३,००० मर्यादेच्या कप्प्यावर १० सेकंद पूर्ण भार आणि उरलेली ५० सेकंद ३०० क्रिया असा प्रकार झाला, तर एकूण ४५,००० क्रियांची मिनिटाची सरासरी केवळ ७५० येते. आलेख पंचवीस टक्के वापर दाखवतो. त्या दहा सेकंदांत ताटकळलेल्या वापरकर्त्यांचा त्यात मागमूस नसतो. ॲमेझॉनच्या सेवेत ‘एन्हान्स्ड मॉनिटरिंग’ ही सोय सुरू केल्यास कार्यप्रणालीच्या पातळीवरील मोजमाप १ सेकंदाच्या अंतराने घेता येते. त्यास वेगळा खर्च पडतो, म्हणून ती सोय अनेक ठिकाणी बंद असते आणि बिघाड होऊन गेल्यावर तिची आठवण होते.

विलंबाच्या बाबतीत सरासरी याहून अधिक दिशाभूल करते. शंभरांपैकी ९९ वाचने १ मिलिसेकंदात आणि एक ५०० मिलिसेकंदांत झाले, तर सरासरी ६ मिलिसेकंदांहूनही किंचित कमी भरते. ती कोणालाही वावगी वाटणार नाही. परंतु एक वेबपान तयार करण्यास २० वाचने लागत असतील, तर त्यांपैकी किमान एक वाचन त्या दुर्दैवी एक टक्क्यात सापडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाचवा-सहावा वाचक अर्धा सेकंद खोळंबतो. यास्तव विलंब शततमकांत, विशेषतः ९५ व्या व ९९ व्या शततमकात मोजण्याची शिफारस केली जाते.

‘आयओस्टॅट’मधील वापराची टक्केवारी हाही असाच एक जुना सापळा आहे. एका वेळी एकच काम करणाऱ्या फिरत्या चकतीसाठी शंभर टक्के वापर म्हणजे क्षमता संपली, हा अर्थ योग्य होता. अर्धवाहक साठवण व क्लाउडमधील कप्पे एकाच वेळी अनेक क्रिया हाताळतात. त्यांच्याबाबत शंभर टक्के याचा अर्थ ‘काही ना काही काम सतत चालू होते’ एवढाच उरतो.

डेटाबेसच्या आतून दिसणारे चित्र

सेवापुरवठादाराचे आलेख साठवणीच्या दारात उभे राहून मोजतात. वाचन कोणत्या प्रश्नामुळे झाले, कोणते कोष्टक त्यात गुंतले होते, हे केवळ डेटाबेसच सांगू शकतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या सप्टेंबर २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून ‘पीजी-स्टॅट-आयओ’ हे दृश्य उपलब्ध आहे. सामान्य वापरकर्त्यांची सत्रे, स्वच्छता करणारी पार्श्वप्रक्रिया आणि चेकपॉइंट यांनी केलेली वाचने-लेखने त्यात वेगवेगळी दिसतात. प्रत्येक क्रियेला लागलेला वेळ मोजण्याचा पर्याय मात्र नेहमीच्या मांडणीत बंद असतो. तो चालू करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ‘परफॉर्मन्स स्कीमा’ हेच काम करते. ओरॅकलमध्ये प्रतीक्षेच्या घटनांची परंपरा जुनी आहे. तेथील ‘डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड’ ही घटना नावाने सलग वाचन वाटत असली, तरी प्रत्यक्षात एकेका खंडाच्या विखुरलेल्या वाचनाची असते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी येथे अडखळत आले आहेत.

वाचनाच्या बाजूने सर्वाधिक महत्त्व स्मृतीतील संग्रहाला आहे. वारंवार लागणारी पाने डेटाबेस स्मृतीत धरून ठेवतो आणि ती तेथेच सापडण्याच्या प्रमाणास हिट रेशो म्हणतात. हे प्रमाण ९९ वरून ९८ टक्क्यांवर आले, तर घट क्षुल्लक भासते. पण सेकंदाला १०,००० पाने मागितली जात असतील, तर साठवणीपर्यंत जाणारी वाचने १०० वरून २०० होतात, म्हणजेच दुप्पट. त्यामुळे सापडण्याच्या टक्केवारीपेक्षा न सापडलेल्या पानांची संख्या पाहणे अधिक उपयुक्त ठरते. साठवणीचा भार अचानक वाढल्यावर अनेकदा मूळ दोष साठवणीत नसतोच. निर्देशांक नसलेला एखादा नवा प्रश्न संपूर्ण कोष्टक चाळू लागतो आणि उपयोगी पाने स्मृतीतून हुसकावली जातात. अशा वेळी अधिक आयओपीएस विकत घेतल्यास त्रास कमी होतो, पण तो चुकीच्या ठिकाणी भरलेला दंडच असतो.

लेखनाची बाजू वेगळी आहे. बदल प्रथम पूर्वलेखन-नोंदवहीत लिहून टिकाऊ माध्यमावर पक्का केला जातो आणि मगच व्यवहार पूर्ण झाल्याचे कळवले जाते. या लेखनाला स्मृतीचा आडोसा नसतो. साठवणीचा विलंब २ मिलिसेकंद असेल, तर एका सत्रात एकापाठोपाठ एक होणारे व्यवहार सेकंदाला ५०० पेक्षा अधिक होऊ शकत नाहीत, मग प्रक्रियक कितीही मोकळा असो. प्रत्यक्ष विदापाने मात्र नंतर, चेकपॉइंटच्या वेळी लिहिली जातात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये चेकपॉइंटचे मूळ अंतर ५ मिनिटांचे असते. लेखनाच्या आलेखावर ठरावीक अंतराने करवतीच्या दातांसारखी शिखरे दिसू लागली, तर प्रथम या अंतराशी त्यांचा मेळ बसतो का हे पडताळतात.

प्रतिलिपीवरून नव्याने उभारलेल्या डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ॲमेझॉनच्या साठवणीत असा कप्पा तत्काळ वापरण्यास उपलब्ध होतो, परंतु त्यातील खंड प्रथम वाचले जातात तेव्हाच मागील वस्तु-साठवणीतून आणले जातात. म्हणून आपत्तीनंतर पुन्हा उभा केलेला डेटाबेस सुरुवातीला बराच मंद भासतो. बिघाड दुरुस्त झाल्यावरही तक्रारी चालू राहण्याचे हे एक साधे कारण आहे.

जागा संपणे

वेगाचे प्रश्न त्रास देतात. जागा संपली तर सेवाच थांबते. साठवण पूर्ण भरल्यावर ॲमेझॉनच्या सेवेतील डेटाबेस ‘स्टोरेज-फुल’ या स्थितीत जातो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर सेवेतील पोस्टग्रेसक्यूएल भरण्याच्या बेतात आल्यास स्वतःहून केवळ-वाचन स्थितीत जाते, जेणेकरून निदान असलेली विदा वाचता यावी.

मोकळ्या जागेसाठी ठरावीक टक्क्यांची सूचना लावण्यापेक्षा वाढीच्या दरावरून उरलेले दिवस काढणे अधिक अर्थपूर्ण असते. ५० गिगाबाइट शिल्लक असून रोज २ गिगाबाइट वाढ होत असेल, तर हाती २५ दिवस आहेत. तीच वाढ अर्जांच्या हंगामात २० गिगाबाइट झाली, तर अडीच दिवस. आपोआप विस्ताराची सोय चालू असली तरी ती सर्वस्वी विसंबण्याजोगी नसते. ॲमेझॉनच्या सेवेत मोकळी जागा एक-दशांशाहून कमी होऊन किमान ५ मिनिटे तशीच राहिल्यावर विस्तार सुरू होतो आणि एका विस्तारानंतर लगेच दुसरा करता येत नाही. शिवाय वाढवलेली साठवण सहजी कमी करता येत नाही, त्यामुळे एका रात्रीच्या चुकीचे भाडे पुढे महिनोन्‌महिने भरावे लागते.

जागा खाणारी विदा नेहमी वापरकर्त्याचीच असते असे नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एखादा अनुयायी डेटाबेस बंद पडला आणि त्याच्यासाठी राखलेला ‘रेप्लिकेशन स्लॉट’ तसाच राहिला, तर तो परत येईल या आशेने मूळ डेटाबेस पूर्वलेखन-नोंदी साठवत बसतो. कोष्टकांचा आकार न वाढता जागा मात्र उतरत जाते. मोठ्या क्रमवारीसाठी बनलेल्या तात्पुरत्या फायली हे दुसरे नेहमीचे कारण होय.

संगणन आणि साठवण यांची फारकत

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या व २०१५ पासून सर्वांना खुल्या केलेल्या ‘ऑरोरा’ या डेटाबेसमध्ये साठवण ही डेटाबेस-यंत्रापासून पूर्णतः वेगळी, वितरित सेवा आहे. विदेच्या सहा प्रती तीन उपलब्धता-क्षेत्रांत ठेवल्या जातात. लेखन पक्के होण्यासाठी सहांपैकी चार प्रतींची पोच पुरते. यंत्राकडून साठवणीकडे विदापाने न जाता केवळ नोंदवहीतील बदल जातात व पाने साठवणीच्या बाजूला घडवली जातात. त्यामुळे वर वर्णिलेली चेकपॉइंटची शिखरे येथे दिसत नाहीत.

येथे निरीक्षणाचे स्वरूपही पालटते. विकत घेतलेली आयओपीएस मर्यादा नसल्यामुळे आलेख कोठे सपाट होतो हे पाहण्यात अर्थ उरत नाही. मूळ दरपद्धतीत मात्र प्रत्येक वाचन-लेखनाचे पैसे पडतात, आणि क्रियांची संख्या ही कामगिरीपेक्षा देयकाची बाब बनते. निर्देशांक नसलेला प्रश्न पूर्वी यंत्रणा मंद करून लक्ष वेधून घेई. आता तो विनातक्रार चालतो आणि महिनाअखेरीस देयकात प्रकटतो. मे २०२३ मध्ये क्रियांचे वेगळे पैसे न घेणारी, परंतु मूळ दर अधिक असलेली दुसरी पद्धत उपलब्ध झाली. क्रियांवरील खर्च एकूण खर्चाच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असल्यास ती परवडते, असे पुरवठादाराचे सांगणे आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील क्लाउड केंद्रांच्या उभारणीत महाराष्ट्राला आरंभापासून स्थान आहे. मायक्रोसॉफ्टचा मध्य भारत विभाग २०१५ मध्ये पुण्यात सुरू झाला. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये, गूगलचा २०१७ मध्ये आणि ओरॅकलचा २०१९ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय विदाकेंद्रांपैकी एक पुण्यात आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक-व्यवहारांची विदा भारतातच साठवण्याचा आदेश दिल्याने या केंद्रांचे महत्त्व वाढले. त्याच वर्षाच्या जानेवारीत महाराष्ट्र शासनानेही सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले होते.

राज्यातील सार्वजनिक सेवांवरील भाराचे प्रकार या विषयाच्या अभ्यासकाला तुलनेसाठी उपयुक्त आहेत. त्यांची प्रत्यक्ष तांत्रिक रचना हा येथील विषय नाही. दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसतात आणि निकाल एकाच क्षणी खुला होतो. हा भार प्रचंड असला तरी केवळ वाचनाचा आहे. संपूर्ण निकाल आधुनिक सर्व्हरच्या स्मृतीत सहज मावू शकतो, म्हणून नीट आखणी केल्यास साठवणीला त्याची झळ पोहोचण्याचे कारण नाही. सातबारा उताऱ्याचे तसे नाही. पीककर्ज किंवा पीकविमा यांच्या हंगामात प्रत्येक शेतकरी स्वतःचा गट क्रमांक शोधतो. एकाने मागितलेले पान दुसऱ्याच्या उपयोगाचे नसते. असे विखुरलेले वाचन स्मृतीत पकडता येत नाही आणि साठवणीचा विलंब थेट शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा किंवा अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाचा भार याहून निराळा, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवसांत दाटणाऱ्या लेखनाचा आहे. तेथे पूर्वलेखन-नोंदवहीचा विलंब निर्णायक ठरतो.

वापरकर्त्याला जाणवणारा उशीर आणि साठवणीचा विलंब यांत गल्लत होऊ देऊ नये. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अजिंठ्याहून मुंबईपर्यंतचा तंतुमार्ग ४५० किलोमीटर धरला, तर जाण्या-येण्यास किमान साडेचार मिलिसेकंद लागतील. भ्रमणध्वनीच्या जाळ्यातील विलंब त्याच्या कितीतरी पट असू शकतो. डोंगरकपारीत पान उशिरा उघडले, तर त्याचा दोष १ मिलिसेकंदात उत्तर देणाऱ्या साठवणीवर टाकता येत नाही. यासाठी एकाच विनंतीचा वेळ वापरकर्त्याच्या उपकरणावर, अनुप्रयोगात, डेटाबेसमध्ये आणि साठवणीत असा चार ठिकाणी स्वतंत्रपणे मोजतात.

नोंदी किती काळ टिकतात

निरीक्षणाच्या नोंदी स्वतः साठवणीतच राहतात आणि त्यांनाही आयुष्य असते. ॲमेझॉनच्या ‘क्लाउडवॉच’ सेवेत मिनिटाच्या अंतराने घेतलेली मापने १५ दिवस टिकतात. त्यानंतर ती ५ मिनिटांच्या अंतरावर आणली जातात व ६३ दिवसांपर्यंत मिळतात. पुढे ४५५ दिवसांपर्यंत केवळ तासाच्या पातळीवरील आकडे उरतात. वर्षातून एकदाच येणाऱ्या गर्दीसाठी ही रचना अडचणीची ठरते. मागील वर्षीच्या निकालाच्या किंवा प्रवेशाच्या पहिल्या दहा मिनिटांत रांग किती लांबली होती, हे पुढील वर्षी त्याच दिवशी पाहू गेल्यास तासाभराच्या हिशेबात मिसळून गेलेला एकच ठिपका हाती लागतो. म्हणून अशा दिवसांची मापने पंधरा दिवसांच्या आत वेगळी उतरवून ठेवतात. ‘प्रोमिथियस’सारख्या मुक्त स्रोत प्रणालीत ती साठवून ‘ग्राफाना’वर आलेखरूपाने पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, आणि अशा प्रणालीच्या चकतीतील मोकळ्या जागेवरही सूचना लावावी लागते.